अमृताची साल आणि इरिनोटेकॅनची सलाईन: केमोसोबत काढा द्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा चंदगडकडचा आहे. वडिलांना मोठ्या आतड्याचा कर्करोग, यकृतात पसरलेला. ऑक्सॅलिप्लॅटिनची पहिली केमो झाली, पण नव्या स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या दिसल्या, म्हणून डॉक्टर आता इरिनोटेकॅन सुरू करायचं म्हणतात. तेवढ्यात मामांनी रानातून 'अमृता'ची, म्हणजे आपल्याकडे ज्याला नरक्या म्हणतात त्या झाडाची, साल आणून ठेवली आहे. मामांचं म्हणणं, याच झाडापासून परदेशात कॅन्सरचं औषध करतात, म्हणून तर चोरटे ट्रक भरून नेतात. मग दारातलं सोडून सलाईनच्या मागे का लागायचं? मुलाला दोन गोष्टी हव्या आहेत: हे खरं आहे का, आणि केमोसोबत काढा दिला तर चालेल का.

मी कर्करोगाचा डॉक्टर आहे. आजरा, चंदगड, आंबोली, दोडामार्ग या पट्ट्यातले रुग्ण माझ्याकडे येतात, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. मामा झाडाबद्दल जे सांगतायत ते बहुतेक सगळं खरं आहे. काढा मात्र देऊ नका. आणि ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरोधात नाहीत. झाडात काहीच दम नसता तर मी एवढं लिहिलं नसतं. 'घ्या, निदान समाधान तरी' म्हणून सोडून दिलं असतं. इथे साल काम करते, तेच दुखणं आहे.

पहिल्यांदा ओळख पटवून घेऊ, कारण इथेच मोठा घोटाळा होतो. आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'अमृता' म्हणजे गुळवेल. अमृतारिष्ट गुळवेलीचं. कोकणात आणि घाटमाथ्यावर मात्र नरक्याच्या झाडालाही अमृता म्हणतात. पुस्तकात 'अमृतेचा काढा ज्वरावर उत्तम' असं वाचून कुणी नरक्या उकळायला घेतला तर ते दुसऱ्याच झाडाचं पथ्य या झाडाला लावणं झालं. नरक्या लहानसं झाड, पानं फांदीच्या टोकाशी गोळा झालेली, पावसाळ्यात पिवळट फुलांचे गुच्छ येतात. पान चुरगळलं किंवा फुलाजवळ गेलं की जो वास येतो तो एकदा घेतला की विसरत नाही. नाव उगाच पडलेलं नाही. साल ओली असताना तो वास पिशवीतूनही बाहेर येतो. वाळली की ती इतर कुठल्याही सालीसारखी दिसते, आणि मग ती नक्की कशाची हे मलाही सांगता येणार नाही आणि मामांनाही. मामांनी स्वतः झाडावरून काढली असेल तर गोष्ट वेगळी. कुणाकडून घेतली असेल तर पिशवीत काय आहे इथपासूनच प्रश्न सुरू होतो.

आता झाडात काय आहे ते. त्यातल्या रसायनाचं नाव कॅम्प्टोथेसिन. ते सगळ्यात आधी सापडलं एका चिनी झाडात, अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये, १९६६ मध्ये. शोधणारे दोघे, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. याच जोडीने पुढे १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचना मांडली, म्हणजे आज स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगात आम्ही रोज जे पॅक्लिटॅक्सेल देतो तेही त्यांच्याच हातचं. एका माणसाच्या नावावर अशी दोन औषधं असणं विरळा, आणि नंदुरबारबाहेर किती मराठी माणसांना हे माहीत आहे कुणास ठाऊक. असो. आपल्या नरक्यात कॅम्प्टोथेसिन आहे हे १९७२ मध्ये कळलं, तेही मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात, गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांच्याकडून. चिनी झाडापेक्षा आपल्या नरक्यात ते कितीतरी जास्त निघालं. पुढे तस्करी सुरू झाली ती त्यामुळेच. म्हणजे मामांची माहिती ऐकीव असली तरी चुकीची नाही.

हे रसायन करतं काय, ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पेशीचे दोन भाग होण्याआधी तिला आपल्या डीएनएची नक्कल काढावी लागते. डीएनए पीळ दिलेल्या सुतळीसारखा असतो. एका टोकाकडून उलगडायला गेलं की पुढे पीळ घट्ट होत जातो. तो पीळ सोडवायला पेशीत एक विकर (एन्झाइम) असतं, टोपोआयसोमरेज. ते एक धागा कापतं, पीळ निघू देतं आणि धागा पुन्हा जोडून टाकतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या जागी जाऊन बसतं आणि जोडू देत नाही. नक्कल काढणारी यंत्रणा मागून येते, त्या तुटक्या जागी आपटते, दोन्ही धागे तुटतात आणि पेशी मरते. हे १९८५ मध्ये उलगडलं.

आता यात 'कर्करोगाची पेशी' असं कुठेच आलेलं नाही हे लक्षात घ्या. जी पेशी भराभर विभागते ती मरते. गाठीतल्या पेशी भराभर विभागतात हे खरं. पण हाडांच्या आत रक्त तयार करणारी मज्जा, आतड्याचं आतलं अस्तर, केसांची मुळं, यांचंही तेच काम रात्रंदिवस चालू असतं. औषध त्यांना ओळखून सोडून देत नाही. म्हणून या औषधाचा सगळा खेळ मात्रेचा आहे. किती दिलं, किती वेळात दिलं, पुढच्या वेळेआधी मज्जेला सावरायला किती दिवस मिळाले, यावर रुग्ण सुधारतो की आयसीयूत जातो हे ठरतं.

'कंपनी जे काढते तेच आम्ही घरी काढलं तर?' हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक कुटुंबाने विचारला आहे. गंमत अशी की हा प्रयोग होऊन गेला आहे, आणि घरी नाही, अमेरिकेतल्या मोठमोठ्या रुग्णालयांत. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही. मग सलाईनमधून द्यायचं कसं? रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूतली एक कडी उघडून त्याचं सोडियमचं मीठ केलं, ते छान विरघळलं, आणि १९७०च्या सुमाराला ते रुग्णांना दिलं. दोन गोष्टी झाल्या. एक, कडी उघडल्यावर रेणूची धार बरीच बोथट होते, त्यामुळे गाठींवर म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. दुसरी जास्त वाईट. हा उघडा रेणू मूत्रपिंडातून लघवीत उतरतो, लघवी आम्लधर्मी असते, आणि आम्लात ती कडी पुन्हा बंद होते. म्हणजे रेणू परत धारदार झाला, आणि कुठे, तर मूत्राशयात. रुग्णांना रक्ताची लघवी सुरू झाली. पांढऱ्या पेशी कोसळल्या, उलट्या-जुलाब आवरेनात. काही वर्षांतच चाचण्या बंद कराव्या लागल्या आणि औषध बासनात गेलं.

ते पुन्हा बाहेर यायला बराच काळ लागला. रसायनशास्त्रज्ञांनी मूळ रेणूला जागोजागी जोड देऊन तो विरघळणारा आणि जरा आवाक्यातला केला. त्यातून दोन औषधं आली. एक टोपोटेकॅन, दुसरं इरिनोटेकॅन, जे जपानमध्ये याकुल्ट कंपनीने तयार केलं. हो, तीच ती छोट्या बाटलीतल्या आंबवलेल्या दुधाची याकुल्ट. जपानमध्ये ते १९९४ ला मंजूर झालं, अमेरिकेत दोन्ही औषधं १९९६ ला.

इथे तुमच्या प्रश्नाचं खरं मर्म आहे, आणि ते तुमच्या डॉक्टरांनी बहुधा सांगितलेलं नसेल, कारण ओपीडीत तेवढा वेळ नसतो. तुमच्या वडिलांना आता जे इरिनोटेकॅन सुरू करायचंय ते नरक्याच्याच रसायनाचं पुढचं रूप आहे. मामांची साल आणि डॉक्टरांची सलाईन एकाच घराण्यातली. त्यामुळे 'झाडपाला की केमो' असा हा वादच नाही. काढा आणि इरिनोटेकॅन सोबत देणं म्हणजे एकाच जातीचं औषध दोन वाटांनी देणं, त्यातलं एक मोजून आणि दुसरं न मोजता.

न मोजता म्हणजे किती, त्याचा अंदाज देतो. इरिनोटेकॅनची मात्रा शरीराच्या पृष्ठभागावरून काढतात. वजन आणि उंची घेऊन चौरस मीटर काढायचे. बारीक चणीच्या माणसाचे साधारण १.६ भरतात. दर दोन आठवड्यांच्या पद्धतीत चौरस मीटरला १८० मिलिग्रॅम, म्हणजे २८८. त्या दिवशी सकाळी रक्त तपासतो. पांढऱ्या पेशी कमी असतील तर पुढे ढकलतो, बिलिरुबिन, म्हणजे कावीळ दाखवणारा रक्तातला आकडा, चढलेलं असेल तर मात्रा उतरवतो. हे सगळं करूनही काही रुग्णांना त्रास होतो.

आता साल घ्या. झाडागणिक कॅम्प्टोथेसिनचं प्रमाण बदलतं. एका झाडाच्या मुळात, खोडात आणि पानातही ते सारखं नसतं. समजा चांगली साल मिळाली आणि त्यात ०.३ टक्के निघालं, तर १० ग्रॅम सालीत ३० मिलिग्रॅम. यातलं पाण्यात किती उतरेल? रेणू पाण्यात न विरघळणारा, म्हणजे कदाचित फारच थोडं. पण पाणी कसलं, किती वेळ उकळलं, त्यात आणखी काय टाकलं, गाळलं की चोथ्यासकट दिलं, यावर ते बदलणार. चोथा किंवा चूर्ण पोटात गेलं तर सगळा हिशेबच बदलतो. म्हणजे एका घरी काढा पिऊन काहीच होत नाही आणि ते लोक गावभर सांगतात की अजिबात त्रास नाही. दुसऱ्या घरी आठवड्यात माणूस जुलाबांनी आडवा पडतो. दोघेही खरं सांगत असतात.

काढ्याच्या बाजूने एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, ती म्हणजे पूर्वीपासून वापरात असलेल्या वनस्पती सुरक्षित असतात. अनुभवाला किंमत आहेच, मीही घरी सर्दीला काढा घेतो. पण अनुभवातून कळतं ते लगेच दिसणारं. खाल्लं आणि तासाभरात उलटी झाली तर माणूस ते झाड कायमचं लक्षात ठेवतो. इथे मज्जेवरचा परिणाम आठ-दहा दिवसांनी दिसतो, ताप येतो, माणूस आधीच कर्करोगाने खंगलेला असतो, आणि सगळे म्हणतात आजार बळावला. काढ्याकडे कुणाचं बोट जात नाही. शिवाय अशा रुग्णाचं वजन, पेशी, यकृत हे काहीच धडधाकट माणसासारखं नसतं.

यकृताचा मुद्दा तुमच्या वडिलांच्या बाबतीत जास्तच महत्त्वाचा. इरिनोटेकॅन शरीरात गेल्यावर त्याचं एसएन-३८ नावाचं रूप होतं, आणि ते मूळ औषधापेक्षा शेकडो पटींनी जहाल असतं. यकृत त्याला शर्करेचा एक रेणू चिकटवून निरुपद्रवी करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. यकृतात गाठी असतील, पित्ताची वाट अडली असेल, तर हा निचरा मंदावतो. काही माणसांत जन्मतःच हे काम करणारं विकर कमी असतं. त्याची जनुकीय तपासणी करता येते, नाव यूजीटी१ए१. अशा माणसांचं बिलिरुबिन एरवीही किंचित वर असतं, उपास घडला की डोळे पिवळसर दिसतात, आणि बाकी रिपोर्ट नॉर्मल असतात. वडिलांना तरुणपणापासून 'थोडी कावीळ आहे' असं कुणी म्हटलं असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. त्यावरून सुरुवातीची मात्रा ठरू शकते. काढ्याचं रसायन याच यकृतावर आणखी किती ओझं टाकेल हे मोजायची सोय नाही.

दुसरी झाडपाल्याची औषधं निदान निरुपद्रवी असतील, असंही धरून चालू नका. युरोपात मन हलकं करायला घेतात ती सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती इरिनोटेकॅनसोबत घेतली तर रक्तातलं एसएन-३८ चाळीस टक्क्यांहून जास्त घटतं, हे रुग्णांत मोजलेलं आहे. म्हणजे केमोचे कष्ट सोसायचे आणि औषध अर्धंमुर्धंच पोचायचं. घरात जे जे काही चालू आहे, चूर्ण, आसव, भस्म, इंटरनेटवरून मागवलेली पावडर, त्या सगळ्याच्या डब्या एका पिशवीत घालून ओपीडीत न्या. डॉक्टर ओरडतील म्हणून लपवू नका. ओरडले तरी चालेल.

माझं उत्तर कुठे बदलू शकतं तेही सांगतो. केमो चालू नसती, सगळे उपचार संपले असते आणि वडिलांनीच 'मला घेऊन बघायचंय' म्हटलं असतं, तर मी वेगळ्या सुरात बोललो असतो, तरी नरक्याला नकोच म्हणालो असतो. शेवटचे महिने जुलाब आणि रक्ताच्या लघवीत घालवण्यासारखं त्यात काही नाही. गुळवेल, हळद, तुळस अशा गोष्टींबद्दल विचारलं असतंत तर रुग्ण पाहून, रिपोर्ट पाहून बोललो असतो, सरसकट नाही म्हटलं नसतं. आणि काढा आधीच दोन-चार वेळा देऊन झाला असेल, तर घाबरून जाऊ नका, पण केमोच्या आधी तसं स्पष्ट सांगा. रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासून, गरज पडली तर आठवडाभर थांबून सुरुवात करता येते. लघवी लालसर झाली असेल तर त्याच दिवशी कळवा.

इरिनोटेकॅन सुरू झाल्यावर घरच्यांनी काय बघायचं, हे सालीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. सलाईन चालू असताना किंवा त्याच दिवशी घाम, डोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा आणि जुलाब झाले तर नर्सला लगेच सांगायचं. त्यावर ॲट्रोपिनचं इंजेक्शन असतं आणि ते झटकन काम करतं. दुसरे जुलाब वेगळे, ते दिवसभरानंतर कधीही, बऱ्याचदा पहिल्या आठवडा-दहा दिवसांत येतात. त्यासाठी लोपरामाइडच्या गोळ्या आधीच लिहून दिलेल्या असतात. त्या घरात आणून ठेवायच्या. पहिल्या पातळ शौचालाच सुरू करायच्या, आणि नेहमीच्या जुलाबाला घेतो त्यापेक्षा जास्त आणि जास्त वेळा, डॉक्टरांनी लिहिलंय तसंच. आपल्याकडे लोक 'पोट साफ होतंय, होऊ दे' म्हणून दीड दिवस वाट बघतात, आणि मग माणूस डोळे खोल गेलेल्या अवस्थेत येतो. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्र असो, सण असो, दवाखाना गाठायचा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. पेशी कमी असताना हा ताप तासांच्या हिशेबाने बिघडतो. पाणी, मिठाची पेज, ताक जमेल तसं.

खर्चाचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण मामांच्या बोलण्यात ते आहे असं वाटतं. इरिनोटेकॅन आता भारतीय कंपन्या करतात आणि ते नव्या औषधांच्या मानाने स्वस्त आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपी येते. रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची कागदपत्रं बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं, तिथे रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन केमोच्या तारखेआधी जा. तारखेच्या सकाळी गेलात तर मंजुरीत तो दिवस जातो.

मामांना काय सांगायचं हा नाजूक भाग. त्यांना खोटं पाडू नका, ते प्रेमाने धावपळ करतायत. सांगा की मामा, तुम्ही म्हणता तेच औषध डॉक्टर देतायत, फक्त मोजून आणि धार आवरून. माझ्या अनुभवात एवढ्याने बहुतेकांचं समाधान होतं, काहींना तर अभिमानच वाटतो की आपल्या रानातलं झाड निघालं. एक गोष्ट मात्र मी स्वतः त्यांना ऐकवतो. जंगलातून नरक्या तोडणं गुन्हा आहे, वनखातं कोल्हापूर-सिंधुदुर्गात गाड्या पकडत असतं, आणि नव्वदच्या दशकापासून हे झाड मुळासकट उपटून इतकं नेलंय की पूर्वी जिथे सहज दिसायचं तिथे आता शोधावं लागतं. घरात सापडलेल्या सालीचं 'कॅन्सरच्या रुग्णासाठी ठेवली होती' हे कारण तिथे ऐकलं जाणार नाही.

घरात आलेली साल स्वयंपाकघरात ठेवू नका. दालचिनीच्या डब्याशेजारी वाळलेली साल ठेवलेली मी पाहिली आहे. लहान मुलं आणि गुरं पोचणार नाहीत अशा ठिकाणी खड्डा करून पुरून टाका. आणि पुढच्या ओपीडीला जाल तेव्हा डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: बिलिरुबिन किती आहे, त्यावरून मात्रा कमी करायची आहे का, आणि जुलाब किंवा ताप आल्यास रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा. तो नंबर कागदावर लिहून घ्या आणि लोपरामाइडच्या पाकिटाला चिकटवा.